यारीवाल्यांची कुत्री

७ एप्रिल

आज विहिरीवर यारी आली, खोदलेला दगड-मुरूम वर ओढायचं यंत्र.

विहीर सात परस, म्हणजे सात माणसांच्या उंचीइतकी खोल आहे. गेल्या वर्षी मार्चअखेर तळ दिसला, यंदा त्याच्याही आधी. म्हणून आणखी दोन परस खाली जायचं ठरलं. हे आणि मुकादम पंधरा दिवस फोनवर बोलत होते. फुटाचा भाव, डिझेल कुणाचं, सुरुंगाचा खर्च कुणाकडं, काळा दगड लागला तर काय, मुरूम कुठं टाकायचा, उचल किती. पाणी-सरपण आमचं, राहायला जागा आमची. सगळं ठरलं. दुपारी ट्रॅक्टर आला. मागच्या ट्रॉलीत यारीचे सुटे भाग, चार गडी, तीन बायका, दोन पोरं, भांडी, गोधड्या. ट्रॉली नीट थांबली पण नव्हती, तोच तीन कुत्री खाली उडी मारून थेट माझ्या तुळशीपाशी. एकानं लगेच पाय वर केला.

कुत्र्यांचं कुणी बोललंच नव्हतं.

"मुकादम, ही कुत्री?"

"आमचीच हैत काकू. काय करत न्हाईत."

काही करत नाही, असं प्रत्येक कुत्र्याचा मालक म्हणतो. चावल्यावर म्हणतो, आजवर कधी केलं नव्हतं.

"सुई दिलीय का त्यांना?"

"कसली सुई?"

मी आत गेले. पुतण्याला कुत्रं चावलं होतं तेव्हा पाच खेपा मीच घातल्या होत्या. पहिला दिवस, मग तिसरा, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा. वही काढून तारखा दाखवाव्यात असं मनात आलं. पण दाखवणार कुणाला?

८ एप्रिल

कुरडया गेल्या.

तीन दिवस गहू भिजवला, रोज पाणी बदललं, वाटला, चीक काढला. पहाटे चारला उठून चीक शिजवला. गुठळी होऊ नये म्हणून हात थांबवता येत नाही. खांदा अजून दुखतोय. सोऱ्यानं घालून बाजेवर प्लॅस्टिकच्या कागदावर पसरल्या, आणि दहा वाजता चहा टाकायला आत आले. तेवढ्यात त्यातल्या तांबड्या कुत्रीनं अर्धी बाज साफ केली. उरलेल्या अर्ध्या बाजेला तिचं तोंड कुठं लागलं आणि कुठं नाही, हे मी कसं ठरवणार? सगळ्याच टाकल्या. म्हणजे तिलाच.

हे म्हणाले, "विहीर खोदायला आलेत ते, चालायचंच." विहिरीसाठी सगळं चालतं यांना. कुरडयांना यांचा खांदा लागलेला नाही.

मुकादमाच्या सुनेला बोलवून सांगितलं, बांधून ठेवा. तिनं बांधली. दुपारी सुरुंगाचा बार झाला तेव्हा तिघं दोऱ्या तोडून पळाली ती आमच्या न्हाणीघरात.

१० एप्रिल

खुडुक बसलेली कोंबडी मेली. अंडी तशीच होती, कोंबडी तेवढी बाजूला पडलेली. कुणी मारली, हे कुणी पाहिलं नाही. मुकादम म्हणाला, मुंगूस असेल. असेल.

मला कोंबडीपेक्षा दुसरीच भीती आहे. इथं जुन्नर तालुक्यात राहणाऱ्याला ती फोडून सांगावी लागत नाही, पण लिहून ठेवते. धरणं झाली, कुकडीचे कालवे आले, कालव्यांमागून ऊस आला आणि उसामागून बिबट्या. आम्ही त्याला वाघच म्हणतो. २००१ पासूनची त्याच्या हल्ल्यांची ती दोन-तीन वर्षं ज्यांनी इथं काढली, त्यांना रात्री अंगणात जायचं म्हटलं तर अजूनही आधी बॅटरी आठवते. माणिकडोहला त्याच्यासाठी केंद्र आहे, पिंजऱ्यात धरलेले तिथं नेतात. पण बाहेर उसात जो आहे तो आहेच.

आणि त्याला सगळ्यात सोपं मिळणारं खाणं म्हणजे कुत्रं. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा गोळा करून तो काय खातो ते तपासलं होतं. २०१४ मध्ये ते छापून आलं. त्याच्या खाण्यात वजनानं ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्या तिथं कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, पण त्यांचा वाटा ११ टक्के. कारण उघड आहे. शेळी रात्री गोठ्यात असते, कुत्रं बाहेर असतं.

आमचा आधीचा कुत्रा ओट्यावरून गेला. आवाजही आला नाही, सकाळी फक्त साखळी होती. तेव्हापासून नियम आहे, दिवेलागणीला कुत्रा आत, शेळ्या जाळीत, उष्टं-खरकटं दारात टाकायचं नाही. सहा वर्षं हे पाळलं म्हणून वाघ कालव्याच्या कडेनं येतो आणि तसाच खाली निघून जातो. वस्तीवर वर येत नाही. आता बाभळीखाली रात्रभर भुंकणारी तीन कुत्री आहेत, आणि भाकरीचे तुकडे आहेत. म्हणजे त्याला आवतणच.

ही जमीन आमची, इथं काय आणायचं ते आम्हाला विचारायला नको का? भाड्याच्या खोलीतसुद्धा माणूस आधी विचारतो.

१२ एप्रिल

रात्री एकच्या सुमारास तिघंही एकदम भुंकायला लागली आणि एकदम थांबली. ते थांबणं वाईट. हे बॅटरी घेऊन उठले, मी त्यांना जाऊ दिलं नाही. खिडकीतूनच ओरडलो, पत्र्याचा डबा वाजवला. पलीकडून बाभळीखालूनही कुणीतरी ताट वाजवत होतं.

सकाळी ओतलेल्या ताज्या मुरमात ठसे. बाभळीपासून निघून शेळ्यांच्या गोठ्याला एक फेरी, मग विहिरीच्या कडेनं खाली. तिन्ही कुत्री शाबूत होती. ट्रॉलीखाली एकमेकांवर पडून.

मी तणतणतच बाभळीकडं गेले. तोंडात वाक्यं तयार होती. ताडपत्री दोन दांड्यांवर टाकलेली, तीन बाजूंनी उघडी. सून भाकरी थापत होती, धाकटं पोर गोधडीत झोपलेलं. मी म्हटलं, "तुमच्या कुत्र्यांपायी वाघ वर आला."

ती म्हणाली, "ती नसती तं आमाला कळलं बी नसतं ताई."

मग भाकरी उलटत म्हणाली, "गावी बी ठिवता येत न्हाईत. घरी कोन हाय? म्हातारीला सोताचं व्हत न्हाई."

मी ठसे पुन्हा बघायला गेले. ताडपत्रीपासून ते पंधरा पावलांवर होते. मोजले.

दिवसभर एकच गोष्ट डोक्यात आहे. मला आधी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. सरळ नाही. हे मुकादमाला पंधरा दिवस फोनवर बोलताना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तो डिझेलवर तास-तास बोलला आणि कुत्र्यांवर एक अक्षर नाही. त्याचं चुकलंच. पण आमच्या बोलण्यातही 'राहायला जागा आमची' एवढंच होतं, आणि जागा म्हणजे बाभळीखालचा उघडा तुकडा, हे मलाही ठाऊक होतं. कुत्रं रात्री बाहेर ठेवायचं नाही, हा नियम मी सहा वर्षं पाळतेय. त्याच बाहेर दोन पोरं झोपली आहेत हे पाच रात्री मला दिसत होतं.

संध्याकाळी यांना म्हटलं, पोल्ट्री रिकामी करू. आमची बंद पडलेली पोल्ट्री म्हणजे ठिबकच्या नळ्या, टोमॅटोचे क्रेट आणि यांची जुनी मोटारसायकल. जाळी मात्र धड आहे, दाराला कडी आहे. हे म्हणाले, "हे आधी सुचलं नाही का?" मी म्हटलं, "तुम्हाला सुचलं?" क्रेट हलवायला रात्रीचे आठ वाजले. चारही गडी मदतीला आले. माणसं एका बाजूला, कुत्री दुसऱ्या बाजूला, मध्ये मोटारसायकल, कारण ती यांना हलवायची नाही.

१५ एप्रिल

सुई देणाऱ्याला बोलावलं होतं, आमच्या कुत्र्याची तारीख होतीच. त्या तिघांनाही देऊन घेतली. तांबडी कुत्री त्याच्यावर धावून गेली. मुकादम तिला धरून म्हणत होता, काय करत न्हाई, काय करत न्हाई.

मोठ्या काळ्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा आहे, तो आज जवळून पाहिला. धनगरांच्या कुत्र्यांना असतो तसा, टोकं बाहेर. वाघ मान धरतो म्हणून. पलीकडं शिरूर तालुक्यात पिंपरखेडला तर २०२५ च्या नोव्हेंबरात बायामाणसांनीच गळ्यात असे पट्टे घातले होते शेतात जाताना. फोटो पाहिला तेव्हा मला हसू आलं होतं, ते आज आठवून कसंतरी झालं.

रात्री शांत. पोल्ट्रीतून भुंकणं येतं, पण बंद दारातून.

२३ एप्रिल

दुसऱ्या परसाच्या शेवटी पूर्वेच्या कडेनं झरा लागला. बारीक आहे, पण थांबत नाही. यांनी नारळ फोडला. मी मात्र तळाकडं बघितलं नाही, मला खाली पाहिलं की पाय कापतात.

२५ एप्रिल

हिशोब झाला. मुकादमानं कागदावर फूट मांडले, उचल वजा केली, आणि खाली स्वतःच लिहिलं: कोंबडी, वजा ५०० रुपये.

"मुंगूस होतं ना?" मी म्हटलं.

"आसंल बी काकू," तो म्हणाला, पण आकडा खोडला नाही.

यांनी माझ्याकडं पाहिलं. सोडून दे म्हणत होते डोळ्यांनी. मी सोडले नाहीत. कुरडयांचं त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही.

ट्रॉली भरली तेव्हा कुत्री सगळ्यांच्या आधी चढून बसली. पोल्ट्री झाडून ठेवलेली होती, क्रेट परत जागेवर लावलेले. जूनच्या आत तारेचं कंपाउंड करायचंय, ते करणाऱ्याशी आज यांचं फोनवर बोलणं सुरू झालं. खांबाचा भाव, तारेचं गेज, माणसं मुक्कामी राहणार की येऊन-जाऊन. मी मागून म्हटलं, कुत्र्यांचंही विचारा.

यांनी फोन माझ्या हातात दिला.