दादरला उतरल्यावर

मागच्या महिन्यात परळला इंटरव्ह्यू होता म्हणून सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने एकटीच मुंबईला गेले. डोंबिवलीच्या आत्याने आदल्या रात्री फोनवर तासभर क्लासच घेतला, पैसे तीन ठिकाणी ठेव, सॅक पोटावर घे, कुणी काही खायला दिलं तर घेऊ नकोस वगैरे. मी पण आज्ञाधारकपणे एक पाचशेची नोट शेंगाचटणीच्या पिशवीत लपवली. (हे पुढे येईलच.)

सकाळी दादरला उतरून बाहेर आले आणि नेमकी नको ती चूक केली, रस्त्याच्या मधोमध उभं राहून मोबाईलमध्ये मॅप बघत बसले. दोन मिनिटांत एक माणूस हजर, "मॅडम कुठे जायचंय, परळ? लांब आहे, सहाशे होतील, चला" आणि माझ्या बॅगेला हात पण घातला. मी नुसतं "नको भाऊ, घ्यायला येतायत" म्हटलं आणि सरळ फुलबाजारात घुसले. खरं तर कोणीच येणार नव्हतं, पण एवढं खोटं चालतं. फुलबाजार पहाटेपासून नुसता गजबजलेला असतो, झेंडूचे ढीग, पायाखाली ओला चिखल, टोपल्या घेऊन धावणारी माणसं. तिथे शेवंतीचे गजरे करत बसलेल्या एका मावशींना विचारलं. त्यांनी मान पण वर केली नाही, "परळ? अगं बाय, पुढचंच स्टेशन हाय, पाच रुपयं तिकीट." सहाशेचे पाच झाले!

तेव्हापासून माझा एकच नियम आहे, आपणहून मदतीला धावून येतो त्याला नाही विचारायचं, आपण शोधून विचारायचं, आणि शक्यतो जो माणूस आपल्या धंद्यात गुंतलाय आणि जागा सोडून कुठे जाणार नाही त्याला. टॅक्सी लागलीच तर काळी-पिवळीला मीटर टाकायला सांगा, मिनिमम भाडं 31 रुपये आहे (फेब्रुवारी 2025 पासून). दादरला रिक्षा शोधू नका, वांद्रे आणि सायनच्या पुढे शहरात रिक्षाच येत नाहीत. प्लॅटफॉर्मचं पण आत्याच्या डोक्यात जुनंच गणित होतं, आता डिसेंबर 2023 पासून दादरला वेस्टर्नचे 1 ते 7 आणि सेंट्रलचे 8 ते 14 असे नंबर झालेत, त्यामुळे एकाच नंबरचे दोन प्लॅटफॉर्म हा घोळ संपला.

संध्याकाळी डोंबिवलीला जाताना लेडीज डब्यात दारात उभी राहून व्हिडिओ काढत होते, तर एक काकू अक्षरशः ओरडल्या, "मोबाईल आत घे गं, फटका मारतील!" रुळाच्या कडेला उभे राहून दारातल्या माणसाच्या हातावर काठी मारतात आणि फोन पडला की उचलून पसार, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. फोनच्या नादात तोल जाऊन माणसं गाडीखाली गेलीयत म्हणाल्या. मग त्यांनीच मला आत ओढून तिघींच्या बाकावर चौथी म्हणून टेकवलं आणि मुलाखत कशी झाली ते पार ठाण्यापर्यंत विचारत राहिल्या. गाडीत काही झालं तर 139 आणि बाहेर 112, हे दोन नंबर पण त्यांनीच सेव्ह करून घेतले.

आत्याच्या घरी पोचल्यावर चटणीची पिशवी तिच्या हातात दिली, जेवले, झोपले, दुसऱ्या दिवशी रात्री परतीच्या गाडीत बसल्यावर ती पाचशेची नोट आठवली. फोन केला तर आत्या म्हणते, "ती होय? मला वाटलं दादाने पाठवले. मी भाजी आणली त्याची."