सहा गुलाब कोणासाठी?

सर्बियातल्या बेलग्रेडमधला माझा पहिला डिसेंबर. शेजारच्या आजींकडे स्लावाला, म्हणजे त्यांच्या घरच्या संताच्या सणाला, जायचं होतं, म्हणून कालेनिच मंडईत फुलवालीकडे सहा गुलाब मागितले. तिचा हात थांबला. "स्मशानात न्यायचेत का?" मी नाही म्हटल्यावर तिने सातवा गुलाब त्यात खोचला आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत. इथे जिवंत माणसाला फुलं द्यायची ती विषम संख्येत. सम संख्या गेलेल्यांची.

आहेराच्या पाकिटात शंभरावर एक रुपया ठेवणाऱ्या घरात मी वाढले. मला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. तो बापाकडून मुलाकडे येतो, अगदी आपल्या कुलदैवतासारखा. २०१४ मध्ये युनेस्कोने या प्रथेची वारसा म्हणून नोंद केली. आजींच्या घरचे संत निकोला, त्यांचा दिवस १९ डिसेंबर. चर्चच्या जुन्या पंचांगात त्या दिवशी ६ डिसेंबर असतो. या तेरा दिवसांच्या फरकामुळेच इथला नाताळही ७ जानेवारीला येतो. नाताळाआधीचा उपास चालू असल्याने जेवण माशांचं, मटण-दूध काही नाही. स्लावाचं आमंत्रण द्यायचं नाही अशी जुनी रीत आहे. ज्याला आठवण असेल तो येतो.

दारातच आजींनी गालांना गाल लावले. दोनदा झाल्यावर मी मागे सरले, तर खांदे धरून त्यांनी पुन्हा जवळ ओढलं. "त्री पुता!" म्हणजे तीनदा. तीन पोळ्या एकदम ताटात वाढल्या तर आई अजूनही रागावते, आणि इथे तीनाशिवाय शुभ काही पुरं होत नाही. क्रूसाची खूण करताना अंगठा आणि पुढची दोन बोटं जुळवायची, ती पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्यासाठी. उरलेली दोन तळहातावर मुडपायची, कारण ख्रिस्त देवही आहे आणि माणूसही. एवढं सगळं एका हातात मावतं, हे मला फार सुंदर वाटतं.

टेबलावर उंच मेणबत्ती जळत होती. शेजारी 'झितो': गहू शिजवून, वाटून, त्यात अक्रोड आणि साखर. आल्या-आल्या त्यातला एक चमचा घ्यायचा, मग बाकीचं. दाणा मातीत गेल्याशिवाय कणीस येत नाही, म्हणून गहू हा पूर्वजांचाही आणि पुनरुत्थानाचाही. भाकरीसारख्या गोल 'कोलाच'वर क्रूसाचा शिक्का होता, त्याच्या चार कोपऱ्यांत अक्षरं: येशू ख्रिस्त विजयी.

भिंतीवर सर्बियाचं राजचिन्ह होतं. दुमुखी गरुडाच्या छातीवर क्रूस आणि त्याच्या चार कोनांत चार 'ओचिला'. ओचिलो म्हणजे चकमक झाडायची पोलादी पट्टी. हे चिन्ह आलं बायझंटाइन साम्राज्याकडून, पण लोक त्या आकारांत सर्बियन लिपीतले चार 'स' वाचतात: 'समो स्लोगा स्र्बिना स्पासावा', एकीच सर्बांना तारते. इतिहास काहीही सांगो, आजी हे वाक्य म्हणताना उभ्या राहिल्या होत्या.

गेल्या वर्षी आजोबा गेले. इमारतीच्या दारावर काळ्या चौकटीचा कागद लागला, वर क्रूस, खाली फोटो आणि नाव. चाळिसाव्या दिवशी प्रार्थना होती. ख्रिस्त पुन्हा उठल्यावर चाळीस दिवस पृथ्वीवर राहिला. गेलेल्याचा आत्माही तेवढे दिवस आसपास असतो असं लोक मानतात. आपल्या तेराव्यापेक्षा हा निरोप लांबचा. त्या चाळीस दिवसांत आजी रोज त्यांच्याबद्दल बोलत, आणि कोणी विषय बदलत नसे.

त्या चाळिसाव्या दिवशी सकाळी मी सहा गुलाब मागितले. फुलवालीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि न बोलता बांधून दिले.

चर्चमध्ये मेणबत्त्या लावायला दोन थर असतात, वरचा जिवंतांसाठी, खालचा मृतांसाठी. आजींनी माझ्या हातात दोन मेणबत्त्या दिल्या. एक मी खाली लावली, आजोबांची. दुसरी कोणाची, म्हणून विचारलं.

"तुझ्या आईची," त्या म्हणाल्या. "वर लाव."