३२० डॉलरची पक्कड

बिश्केकच्या ओश बाजारात लोखंडी सामानाची एक गल्ली आहे. तिथे रबरी मुठीची साधी चिनी पक्कड चारशे सोमला मिळते. सोम आणि रुपया सध्या जवळपास सारखेच आहेत, त्यामुळे किर्गिझस्तानात गुणाकार-भागाकार करावा लागत नाही. पुण्यात बोहरी आळीत जो भाव, साधारण तोच इथे.

अशीच पक्कड या शहराच्या औष्णिक केंद्राला ३२० डॉलरला पडली. आजच्या भावाने २८ हजार सोम, एका नगाला. आग विझवायचं नळकांडं १,६०० डॉलरला. मी इथे आलो तो डोंगर बघायला, पण पहिल्या दिवशी ही पक्कड डोक्यात शिरली ती शेवटपर्यंत निघाली नाही.

या केंद्राला सगळे ‘तेत्स’ म्हणतात. १९६१ पासून ते शहराला वीज देतं आणि कोळशावर तापवलेलं पाणीही. पाण्याचे नळ रस्त्याकडेने जमिनीवरूनच धावतात, पत्र्यात आणि काचलोकरीत गुंडाळलेले. फाटक आलं की उलट्या ‘यू’सारखे डोक्यावरून जातात. नवख्याला वाटतं गाड्या जाव्यात म्हणून कमान केलीय. ते खरंच, पण मोकळ्या मैदानातही मधेच अशी वळणं दिसतात, ती लोखंडासाठी. तापलेला नळ लांबतो. त्या लांबीला जागा दिली नाही तर सांधा उकलतो.

२०१३ मध्ये हे केंद्र नवं करायला चीनच्या एक्झिम बँकेकडून ३८.६ कोटी डॉलरचं कर्ज ठरलं. खुली निविदा नाही. काम टीबीईए या चिनी कंपनीला. प्रत्येकी १५० मेगावॅटचे दोन नवे संच २०१७ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले, फीत कापली. २६ जानेवारी २०१८ ला कडाक्याच्या थंडीत तेत्स बसलं. अशा वेळी बिघाड केंद्रातच थांबत नाही. घरातला नळ कोमट झाला की प्रत्येक जण विजेची शेगडी लावतो, गल्लीतला ट्रान्सफॉर्मर झेपत नाही म्हणून उडतो, आणि नळातलं पाणी थांबलं तर ते गोठून नळच फुटतो. मग संसदेने खर्चाचे कागद मागवले आणि त्यांत पक्कड सापडली. दोन माजी पंतप्रधानांना त्याच वर्षी अटक झाली. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथे स्फोट झाला आणि शहर पुन्हा गारठलं. कर्ज फेडणं चालूच आहे.

हा देश मला सारखा एखाद्या पेठेतल्या घरमालकासारखा वाटत राहिला. वाडा मोठा, उत्पन्न तुटपुंजं, म्हणून एकेक खोली भाड्याने. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये मोडला तेव्हा हातात काय राहिलं? उंची, पाणी, थोडं सोनं आणि नकाशावरची जागा. जागेला गिऱ्हाईक आलं ते २००१ च्या डिसेंबरात.

मानस विमानतळावर उतरलात की ज्या ४,२०० मीटरच्या धावपट्टीवर टेकता, ती साडेबारा वर्षं अमेरिकी हवाई दलही वापरत होतं. अफगाणिस्तानात जाणारे सैनिक इथे थांबत आणि हवेत इंधन भरणारी विमानं इथूनच उडत. सुरुवातीचं भाडं वर्षाला सुमारे २० लाख डॉलर. २००६ मध्ये १.७४ कोटी. २००९ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष बाकियेव मॉस्कोला गेले, २१५ कोटी डॉलरचं आश्वासन घेतलं आणि तिथूनच जाहीर केलं, अमेरिकेने तळ खाली करावा. जूनमध्ये अमेरिकेशी नवा करार. तळाला ‘तळ’ म्हणायचं नाही, ‘ट्रान्झिट सेंटर’ म्हणायचं, आणि भाडं ६ कोटी. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं करून भाडं वाढवून घ्यायची ही युक्ती आपल्याकडेही सर्वांना ठाऊक आहे. फक्त दोन्ही गिऱ्हाइकांकडे अणुबाँब असताना ती कुणी करत नाही.

खरा पैसा मात्र भाड्यात नव्हता, इंधनात होता. त्या विमानांचं केरोसीन मुख्यतः रशियन कारखान्यांतून येई. अमेरिकी संसदेच्या उपसमितीने डिसेंबर २०१० च्या अहवालात याची रीत लिहून ठेवली आहे: इंधन देशातल्या नागरी वापरासाठी आहे असा दाखला लावायचा, म्हणजे रशियाचा निर्यात कर लागत नाही, आणि ते तळावर ओतायचं. आधीचे अध्यक्ष अकाएव २००५ मध्ये पळाले, तेव्हा पुरवठ्यातल्या पोटठेकेदार कंपन्या त्यांच्या मुलाच्या आणि जावयाच्या असल्याचं पुढे आलं. बाकियेव यांच्या मुलावरही हेच आरोप झाले. त्याच्याविरुद्ध या समितीला पुरावा मिळाला नाही. रशियाने १ एप्रिल २०१० ला इंधनावर कर बसवला, पंप महागले, आणि ७ एप्रिलला बाकियेव यांची सत्ता गेली. वीज आणि ऊब आधीच महाग झाली होती, त्यामुळे सगळं खापर केरोसीनवर फोडता येणार नाही. जून २०१४ मध्ये अमेरिकी गेले. आज विमानतळावर त्यांच्या नावाचं काही शोधू नका, टॅक्सीवालेच तेवढे घेरतात. बाहेर बोलणाऱ्याला अजिबात होकार देऊ नये. आत बसून ॲपवरून गाडी बोलवावी, भाडं निम्म्यावर येतं.

दुसरा भाडेकरू अजून आहे. पूर्वेच्या बसस्थानकावरून कान्तला मार्शरुत्का (म्हणजे आपली वडाप, फक्त मिनीबस) जाते, अंतर वीस किलोमीटर. रशियन हवाई तळ २००३ च्या ऑक्टोबरात पुतिन यांच्या हस्ते सुरू झाला, म्हणजे अमेरिकी तळ चालू असतानाच, शहराच्या दुसऱ्या अंगाला. २०१२ च्या कराराने रशियाने जवळपास ४८.९ कोटी डॉलरचं कर्ज सोडायचं मान्य केलं आणि २०१७ पासून पुढे १५ वर्षांची मुदत मिळवली. कान्तमध्ये बघण्यासारखं काही नाही. कुंपणाजवळ कॅमेरा काढू नये, एवढंच. नाव मात्र गोड आहे: किर्गिझमध्ये कान्त म्हणजे साखर, गावात साखर कारखाना होता. आपल्या खांडसरीतली खांड ती हीच.

आणि आपण फक्त प्रेक्षक आहोत असंही नाही. उंचीवर सैनिकाचं शरीर कसं जुळवून घेतं हे तपासणारं किर्गिझ-भारतीय संशोधन केंद्र २०११ मध्ये ए. के. अँटनी संरक्षणमंत्री असताना सुरू झालं. दोन्ही देशांच्या विशेष दलांचा ‘खंजर’ सरावही त्याच वर्षीपासूनचा. छोटी खोली, पण आपलीही आहे.

इसिक-कुल सरोवराची उत्तर बाजू एका ओळीत: गर्दी, संगीत, तळलेले मासे, पुन्हा जाणार नाही.

दक्षिण बाजूला बार्सकून गाव आहे आणि तिथून वर जाणारा खडीचा रस्ता या देशातला मी पाहिलेला सर्वांत नीट राखलेला कच्चा रस्ता आहे. डांबर नाही, पण खड्डाही नाही. ग्रेडर रोज फिरतो, पाण्याचा टँकर धूळ दाबतो, वळणं लांब ट्रकच्या मापाने काढलेली. कारण हा रस्ता गावासाठी नाहीच, कुमतोर खाणीसाठी आहे. चार हजार मीटरच्या वर, हिमनद्यांच्या मधोमध, १९९७ पासून तिथून सोनं निघतंय. माल रेल्वेने बालिक्चीपर्यंत येतो, पुढे ट्रक.

त्या मालात सायनाइड असतं. खडक दळून पीठ करायचं, सोडियम सायनाइडच्या पातळ द्रावणात ते ढवळायचं, सोनं विरघळतं, मग कोळशाच्या कणांवर ते चिकटवून घ्यायचं. द्रावणात चुना घालून सामू दहाच्या वर ठेवावा लागतो, कारण तो उतरला की सायनाइड वायू होऊन उडतं आणि माणसं मरतात. कारखान्यात हे सांभाळता येतं. घाटात नाही. २० मे १९९८ ला एक ट्रक पुलावरून बार्सकून नदीत पडला आणि १,७६२ किलो सोडियम सायनाइड पाण्यात गेलं. नदी खाली गावातून सरोवराला मिळते. गावात बागा, पाट, गुरं, सगळं त्याच पाण्यावर. गावाला कळलं काही तासांनी.

नदीकाठी आता धबधब्याची पायवाट आहे आणि दगडात कोरलेला गागारिन आहे, अंतराळातून आल्यावर तो जवळच्या तमगाच्या आरोग्यधामात राहिला होता म्हणून. लोक त्याच्यासोबत फोटो काढतात. मीही काढला. त्या पुलाजवळ काय झालं हे सांगणारी पाटी मला कुठे दिसली नाही, आणि या प्रवासात मला सर्वांत जास्त खटकलं ते हेच. पाट्यांचा तुटवडा या देशात नाही. अर्ध्या जगाच्या देणग्यांच्या पाट्या आहेत.

मालकी कुणाची, हा तर वेगळाच फेरा. सुरुवातीला दोन तृतीयांश देशाचा, एक तृतीयांश कॅनडाच्या कॅमेकोचा. २००४ मध्ये खाण टोरांटोत नोंदलेल्या सेंटेराकडे गेली आणि देशाच्या हाती खाणीऐवजी त्या कंपनीचे शेअर आले. म्हणजे शेत देऊन साखर कारखान्याचे भाग घ्यावेत तसं. कारखाना कुणाच्या हाती चालतो ते आपण जाणतोच. २०२१ च्या मे महिन्यात सरकारने खाण ताब्यात घेतली, लवादाचे दावे झाले, आणि एप्रिल २०२२ मध्ये तडजोड: देशाने आपले २६ टक्के शेअर परत केले, खाण देशाची झाली. हिमनदीवर टाकलेला खडकाचा राडारोडा मात्र तिथेच आहे. त्याच्या वजनाने बर्फ खाणीच्या खड्ड्याकडे सरकतो, म्हणून सोन्याआधी बर्फ उपसावा लागतो.

जाणार असाल तर: बार्सकूनला पेट्रोल भरून घ्या, वर पंप नाही. सरोवर १,६०७ मीटरवर आहे आणि रस्ता दोनेक तासांत तुम्हाला ३,८०० वर नेतो, हे शरीराला आवडत नाही. डोकं दुखायला लागलं की चहा नको, गाडी खाली वळवा. ट्रकचा ताफा दिसला की पूर्ण कडेला थांबा आणि काच वर करा, टायरखालचा खडा गोळीसारखा येतो. भाड्याच्या गाडीची समोरची काच तडकली तर पैसे कुणाचे, हे आधी लिहून घ्या. इथल्या निम्म्या गाड्यांच्या काचेवर तडा असतोच, त्याचा फोटो निघण्यापूर्वी काढा. खाणीच्या अलीकडे चौकी आहे, हुज्जत घालू नये.

नारीनला जाताना कोचकोरमध्ये राहिलो. इथल्या घरगुती मुक्कामाची पद्धत हेल्वेटास या स्विस संस्थेने २००० च्या सुमारास बसवली आणि परदेशी पैशातून झालेलं मला मनापासून आवडलेलं काम हेच. घरांना एडेलवाइसची एक ते तीन फुलं असा दर्जा, ठरलेला दर, गावात एक समन्वयक. खोलीत जमिनीवर जाड गाद्या, ‘तोशोक’, रचलेल्या. दस्तरखानावर बोर्सोक (तळलेल्या पिठाचे छोटे तुकडे), जर्दाळूचा जॅम, लोणी. स्विस गेले तरी चालू राहिलं, कारण पैसा थेट आजीच्या हातात जातो आणि बिघडण्यासारखं यंत्र त्यात नाही.

पाण्याच्या योजनांचं तसं नाही. ‘ताझा सू’ म्हणजे स्वच्छ पाणी, जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेच्या पैशातून. रस्त्यावर नळकोंडाळी बसली, समित्या झाल्या. नळ गोठणरेषेच्या वर पुरला तर पहिल्या हिवाळ्यात फुटतो. लोकांनी परस्पर अंगणात जोड घेतले तर टोकाच्या घराला दाब उरत नाही. त्याला पाणी नाही म्हणून तो पट्टी देत नाही, पट्टी नाही म्हणून पंपाचं वीजबिल थकतं. आपल्याकडे जागतिक बँकेच्याच पैशातून त्याच सुमाराला आलेल्या ‘जलस्वराज्य’च्या समितीत बसलेल्या कुणालाही हे वाचून हसू येईल. हिवाळा तेवढा वजा करा.

नारीन म्हणजे दरीतला एकच लांबलचक रस्ता. एका टोकाला आगाखानांच्या संस्थेचं मध्य आशिया विद्यापीठ, २०१६ मध्ये सुरू झालेलं. इमारत सुंदर, आणि गावाशी तिचं नातं विमानतळासारखं. तरी तिथे शिकणारी बरीच मुलं याच डोंगरांतली आहेत, म्हणून तक्रार अर्धी मागे घेतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांना ‘परदेशी प्रतिनिधी’ म्हणून नोंदवणारा कायदा झाला. सोरोस फाउंडेशनने तेव्हाच गाशा गुंडाळला. २०२५ मध्ये अमेरिकेने स्वतःच यूएसएड ही आपली परदेशी मदतीची संस्था मोडीत काढली. नळांवरच्या ‘अमेरिकी जनतेकडून’ या पाट्या तेवढ्या उरल्यात, रंग उडत चाललेल्या.

परतताना बिश्केकच्या एका मेसमध्ये पोहे मिळाले. मेडिकलची आपली मुलं इथे हजारोंनी आहेत, त्यांत मराठी पुष्कळ. डॉलरमधली फी आणतात, म्हणजे तेही एक प्रकारचे भाडेकरूच, पण यांच्या मागे कुठलं सैन्य नाही. मे २०२४ मध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले तेव्हा ते दिसलं. पालकांनी एजंटला एकच विचारावं: अभ्यासक्रम ५४ महिन्यांचा आणि वर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, हे लेखी देतोस का? २०२१ च्या नियमांनुसार ते नसेल तर पदवी भारतात चालत नाही.

चारशे सोमची पक्कड मी घेतली. घरी नळ सैल करायला उत्तम चालते. घेतलीत तर मोठ्या बॅगेत टाका. हातसामानात असेल तर मानसच्या सुरक्षा तपासणीत राहते.