नुसते बार काय बघता?

प्रेशर वॉशर बघायला आज नाशिकला गेलो होतो. दुकानदाराचं एकच पालुपद, "दादा, दीडशे बार!" अहो, बार म्हणजे नुसतं प्रेशर, पण पाणी किती? तर मिनिटाला साडेसहा लिटर. एवढ्यात मोटारसायकल धुऊन होईल. ट्रॅक्टरमागे माती भुसभुशीत करायला लावतो त्या रोटाव्हेटरच्या पात्यांमागे वाळून दगड झालेली काळी माती प्रेशरने सुटते खरी, पण वाहून जायला पाणी लागतंच. मला निदान दहा लिटर हवं.

स्वस्त मशीनमध्ये कार्बन ब्रशची मोटर. कानठळ्या बसवते आणि सलग चालवली की तापते. इंडक्शनवाली, म्हणजे बिनब्रशची मोटर, जड आणि महाग, पण टिकते. थ्री फेजचं मॉडेल झकास होतं, पण आमच्याकडे थ्री फेज वीज येते रात्री. रात्री दोनला ट्रॅक्टर कोण धुणार?

धाकटा म्हणाला, फवारणीचा एचटीपी पंप आहे की! ओल्या चिखलाला तो चालतो, ग्रीस-मातीच्या थराला नाही.

शेवटी सिंगल फेज, इंडक्शन मोटरवरच मन बसलं. गड्याला आत्ताच बजावलंय, रेडिएटरच्या जाळीवर आणि बेअरिंगच्या सीलवर गन जवळून रोखायची नाही.

घासाघीस उद्या धाकटा करेल. त्यात तो माझ्यापेक्षा तयार आहे.