संध्याकाळचे साडेसहा आणि गल्लीत कोणीच नाही

माझं मंगळसूत्र गेलं ते इंदूरात, सकाळी साडेसहाला. राजवाड्याच्या गर्दीत गेलं असतं तर म्हटलं असतं ठीक आहे, पण गेलं ते कॉलनीच्या मागच्या गल्लीत, दोन्हीकडे बंगले, बोगनवेल, आणि एक कुत्रं सोडलं तर चिटपाखरू नाही. मागून बाईक आली, मला वाटलं पेपरवाला, मी बाजूला झाले सुद्धा, आणि गळ्याला असा चटका बसला की आधी वाटलं काहीतरी चावलं. एक वाटी नंतर ह्यांना नालीपाशी सापडली, तेवढीच राहिली. तेव्हापासून माझा हिशेब पक्का आहे, माणसं दिसली की बरं, सुनसान दिसलं की हात गळ्याशी.

हाच हिशेब घेऊन मी लिस्बनला गेले, तिथे काय झालं ते सांगते.

लेक तिथे नोकरीला आहे, आम्ही दोघं रिटायर, ती म्हणते तुम्ही इकडेच या. पोर्तुगालचा डी-सेव्हन म्हणून व्हिसा असतो, पेन्शनसारखं बसल्या जागी उत्पन्न असलेल्यांसाठी, २०२५ च्या हिशेबाने महिन्याला ८७० युरो म्हणजे तिथला किमान पगार, आणि जोडीदारासाठी त्याच्या निम्मे, आमच्या दोन पेन्शनी मिळून कसंबसं जमतं. पण अर्ज इथून करायचा आणि त्याला तिथल्या राहायच्या जागेचा कागद जोडायचा, म्हणजे बहुतेक करून वर्षाचा भाडेकरार. गल्ली न बघता वर्षभराचं घर! हे म्हणाले मी चप्पल पण पायात घालून बघितल्याशिवाय घेत नाही. म्हणून मग आधी शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या पर्यटक व्हिसाच्या, ९० दिवसांवर नुसतं राहून बघायला गेलो, २०२४ च्या ऑक्टोबरात.

लेकीचं घर अल्वालाद भागात. १९४० च्या दशकात आखून वसवलेला भाग आहे, रस्ते रुंद आणि सपाट (लिस्बनमध्ये सपाट म्हणजे चैनच), झाडं, बाक, कोपऱ्याकोपऱ्यावर कॉफीची दुकानं. दिवसा बघून मी खूश. मग ऑक्टोबरच्या शेवटी तिथली घड्याळं एक तास मागे गेली आणि नोव्हेंबरात साडेपाचलाच काळोख व्हायला लागला. साडेसहाला मी दूध आणायला खाली उतरले तर गल्ली रिकामी, आणि सगळ्या खिडक्यांची शटरं खाली ओढलेली. सगळ्या म्हणजे सगळ्या. मला वाटलं बाई, इथे काही झालंय की काय, कर्फ्यू वगैरे, तशीच दूध न घेता वर आले. लेक हसून हसून बेजार. म्हणाली आई, इथे अंधार पडला की लोक शटर खाली घेतात, थंडी असते आणि बाहेरून आतलं दिसू नये म्हणून, बाकी काही नाही.

आता मला सांगा, इंदूरच्या माणसाला हे कसं पटणार. आपल्याकडे सराफ्यात सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलबीच्या कढया लागतात, रात्री एक-दीडपर्यंत पाय ठेवायला जागा नसते, आणि जुने लोक सांगतात की सराफांना ते सोयीचंच, फुकटात राखण होते. मी स्वतः रात्री बाराला नणंदेबरोबर तिथे उभी राहून खाल्लंय आणि गळ्याकडे एकदाही हात गेला नाही. गर्दी म्हणजे राखण, हे आमच्या हाडात बसलंय. ह्यांच्या मित्राने तर निघतानाच सांगितलं होतं, भिया, उधर तो रात को कोई दिखेगा नी.

तर त्या सुनसान गल्लीत मी आठवडाभर खिडकीत बसून पाहत होते. रात्री दहाच्या सुमाराला रोज एक बाई जायची, ऐंशीच्या पुढची असेल, छोटंसं कुत्रं, आणि पर्स अशी मनगटाला लोंबकळत ठेवलेली, हलत-डुलत. मागे वळून बघत नव्हती. चाल हळू. एकदा कुत्र्याने काही केलं तर पर्स बाकावर ठेवून ती पिशवी शोधत बसली, पर्स तिकडे, ही इकडे. मी काचेमागून जीव मुठीत धरून बघतेय. काही झालं नाही. तेव्हा कुठे मला कळलं की रस्त्यावर माणसं किती आहेत हे बघण्यापेक्षा जी आहेत ती पर्स कशी धरतात हे बघावं.

आणि जिथे मला एकदम घरच्यासारखं वाटलं ती जागा म्हणजे लिस्बनमधलाच मार्तिम मोनीझ चौक. मेथी, तूरडाळ, हिंग, सगळं तिथल्या बांगलादेशी आणि आपल्या लोकांच्या दुकानांत मिळतं, हिंदी चालते, गर्दी, आरडाओरडा, मी म्हटलं आलं हो राजवाड्यावर! तिथूनच ती प्रसिद्ध अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम सुटते. रांगेत पाऊण तास उभे राहिलो, आत चढताना थोडी रेटारेटी झाली, दोन पोरी सॉरी सॉरी म्हणत आमच्यामधून पुढे गेल्या आणि लगेच उतरल्या पण, तेव्हाही डोक्यात काही आलं नाही. ह्यांचं पाकीट गेलं. साठ युरो, पॅनकार्ड, आणि स्टेट बँकेचं कार्ड. ट्राममध्ये खिसेकापूंपासून सावध राहायची पाटी लावलेली होती, आम्ही तिच्याच खाली उभे. रेस्तावरादोरेस चौकात पर्यटकांसाठी पोलीस चौकी आहे, तिथे जाऊन तक्रार लिहिली, इंग्रजीत लिहून घेतली त्यांनी. पाकीट काही आलं नाही.

हे दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, तुझा सराफा चुकला.

बरं, त्याच मार्तिम मोनीझला लागून बेनफोर्मोझो नावाची गल्ली आहे, डाळ-तांदूळ मी तिथूनच आणायची. ती गल्ली धोक्याची आहे असं तिकडे बरेच जण म्हणतात. १९ डिसेंबरला पोलिसांनी तिथे मोठी कारवाई केली, माणसांना ओळीने भिंतीकडे तोंड करून उभं केलं, बहुतेक आपल्याकडच्याच चेहऱ्यांची, फोटो सगळीकडे फिरले, आणि पुढे जानेवारीत त्याविरुद्ध मोठा मोर्चाही निघाला. माझा दुकानदार म्हणाला दीदी, मी पण भिंतीला होतो. मला त्या गल्लीत कधी भीती वाटली नव्हती, पण आमचे हे रंगाने तसेच, त्या दिवशी त्यांना मेथी आणायला पाठवलं असतं तर? हे कुठल्या नकाशावर येत नाही. लेक मला नंबिओ नावाच्या वेबसाइटवरचे सुरक्षिततेचे आकडे दाखवायची, ते तर लोकांनी घरबसल्या भरलेल्या मतांवरून काढतात, आणि ग्लोबल पीस इंडेक्समध्ये, म्हणजे शांत देशांच्या क्रमवारीत, पोर्तुगाल २०२४ ला सातवा होता हे खरं, पण तो देशाचा नंबर झाला, आपल्याला राहायचंय गल्लीत.

खोट्या भीतीचं एक गमतीचं सांगते. बायशा म्हणून खालचा बाजारभाग आहे, तिथे काळा चष्मा घातलेली माणसं कानाशी येऊन हशीश हशीश करतात. पहिल्या दिवशी मी ह्यांचा दंड असा धरला की वळ उठले. नंतर कळलं की त्यातले बरेच जण दाबून वडी केलेलं तमालपत्र विकतात! आपलं पुलावातलं. नाही म्हणून चालत राहिलं की संपलं. भिंतींवरच्या रंगरंगोटीचंही तसंच, चांगल्या चांगल्या सोसायट्यांच्या भिंती फवाऱ्याने रंगवलेल्या, मी त्यावरून दोन घरं उगाच नापसंत केली.

आणि खरी इजा झाली ती कोणीही न करता. तिथले फुटपाथ पांढऱ्या छोट्या चौकोनी दगडांचे, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेले, दिसायला इतके सुंदर की फोटो काढावेत, आणि पाऊस पडला की बर्फ. नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे तिकडे पावसाचेच दिवस. केमिस्टच्या दुकानासमोर पाय सटकला, मनगटावर पडले, आतून मुलगी खुर्ची घेऊनच धावत आली, जणू रोजचंच. मनगट सहा आठवडे बांधलेलं होतं. ती मुलगी तेव्हा ११२ लावू का म्हणाली, तो नंबर तिथेही ११२ च आहे बरं का, पाठ करायला नको.

त्यानंतर आम्ही घरं बघायची पद्धतच बदलली. एजंट सकाळी अकराला दाखवतो, ते बघायचं आणि त्याच रस्त्यावर रात्री दहाला आणि रविवारी सकाळी परत जायचं. लिफ्ट आहे का, कारण जुन्या बिल्डिंगांत चौथ्या मजल्यापर्यंत नुसते जिने. घरापासून हेल्थ सेंटरपर्यंत चढ किती, दगड किती. आणि कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याला विचारायचं की इथल्या म्हाताऱ्या रात्री फिरतात का, लेक पोर्तुगीजमध्ये विचारते तेव्हा तो आधी गोंधळतो आणि मग नावं घेऊन सांगायला लागतो. एका ठिकाणी त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, फिरायच्या, आता नाही. ते घर आम्ही सोडलं, भाडं कमी होतं तरी.

परवा लेकीचा फोन आला, बेनफिका भागात एक घर आहे, दुसरा मजला, लिफ्ट आहे, मेट्रोपर्यंत सपाट. ती दोन रात्री जाऊन उभी राहून आली म्हणे. शेवटी म्हणाली, आई, येताना खरं घालून ये, ते बेंटेक्सचं नको. त्या एका वाटीला जोड करून नवीन मंगळसूत्र मी केव्हाच केलंय, पण ते आहे लॉकरमध्ये, आणि गळ्यात गेली तीन वर्षं खोटंच. लॉकरची किल्ली काढून देवघरात ठेवलीये. बँकेत अजून गेले नाहीये.