भोकाचा रुपया

“भोक पडलंय, म्हणून निम्म्या भावात देतो,” म्हणत जुन्या बाजारातल्या काकांनी रुपया हातावर ठेवला. व्हिक्टोरिया राणीचा, 1862 चा. (हे साल न बदलता तो पुढेही बरीच वर्षं पाडला जात होता, त्यामुळे नेमका कधीचा ते सांगणं कठीण.) 11.66 ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा, चांदीचा.

भोक राणीच्या मुकुटाच्या अगदी वर. ड्रिलचं नव्हे, टोच्याने ठोकलेलं: राणीच्या बाजूला कड आत दबलेली, मागे चांदी किंचित वर आलेली. भोकाचा वरचा काठ दोऱ्याने झिजून लांबट झालाय. म्हणजे गळ्यात बरीच वर्षं होता.

पण मला खटकलं ते वेगळंच. मागच्या बाजूच्या वेलबुट्टीतली ‘वन रुपी’ची अक्षरं स्पष्ट आहेत, राणीचा चेहरा मात्र गुळगुळीत. एरवी चेहरा उठावदार असल्याने आधी झिजतो, मान्य. तरी इतका?

कातडीला, लुगड्याला घासणारी बाजू तीच असणार. राणी आत, वेलबुट्टी बाहेर.

संग्राहक याला ‘खराब नाणं’ म्हणतात. मी घेतलं, घासाघीस न करता. तुमच्या घरच्या जुन्या माळेतले रुपये कुठल्या बाजूने झिजलेत, बघाल का जरा?