आबांचं मृत्युपत्र आणि आईचंही

मृत्युपत्राचा मसुदा एका दुपारी लिहून झाला. खरा वेळ गेला तो त्याआधी, काय काय कुणाच्या नावावर आहे हे हुडकण्यात. घरच्या माणसांना वाटतं आपल्याला सगळं ठाऊक आहे. कागद काढायला बसलं की कळतं.

कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं घर आबांनी नोकरीत असताना घेतलेलं. स्वकष्टार्जित, प्रॉपर्टी कार्डावर त्यांचं एकट्याचं नाव, त्याचा काही प्रश्नच नव्हता. करवीर तालुक्यातल्या रानाचा सातबारा काढला तर त्यावर अजून आजोबांचं नाव. दरवर्षी ऊस कारखान्याला जात होता, बिल आबांच्या खात्यावर जमा होत होतं, त्यामुळं वारस नोंदीकडं कुणी बघितलंच नव्हतं.

वकील म्हणाले, आधी ते करून घ्या. मृत्युपत्रानं आबा आपला हिस्सा देऊ शकतात, तो वाटून वेगळा झालेला नसला तरी. पण फक्त आपलाच हिस्सा. म्हणून आजोबांचा मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज घेऊन तलाठ्यांकडं गेलो. फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, धरला की हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतीची मुदत संपावी लागते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. यात घाई चालत नाही.

वारस म्हणजे आबा आणि माझी आत्या. भावकीतल्या एकांनी लगेच सुचवलं, "आक्काची सही घेऊन हक्कसोड करून टाका, विषय संपला." आबा म्हणाले, "तिनं मागितलं न्हाई म्हणून तिचं न्हाई, असं हुतंय व्हय?" आत्याचं नाव सातबाऱ्यावर लागलं. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून मुलगी बापाच्या मिळकतीत मुलाच्या बरोबरीची वारस आहे. 2005 च्या दुरुस्तीनं तिला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून हक्क मिळाला. तरी आमच्याकडं बहिणीची सही गृहीत धरतात. मला आबांचा फार अभिमान वाटला.

दादाचं म्हणणं होतं, मृत्युपत्र कशाला, घराचं बक्षीसपत्रच करूया. राहतं घर मुलाला किंवा मुलीला द्यायचं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, हे त्याचं बरोबर. पण बक्षीसपत्र झालं की त्या दिवसापासून घर आपलं राहत नाही. मृत्युपत्र हयातीत कितीदाही बदलता येतं, शेवटचं खरं धरतात. आई-आबांच्या डोक्यावरचं छप्पर त्यांच्याच नावावर राहावं असं मला मनापासून वाटत होतं. मी तसं स्पष्ट बोलले आणि दादालाही ते पटलं.

मग वकिलांनी आबांची यादी वाचायला घेतली. घर, रान, कारखान्याचे शेअर, पतसंस्थेतल्या ठेवी, आणि खाली एक ओळ: लॉकरमधलं सोनं. त्यांनी ती ओळ खोडली. "हे तुम्हाला देता येणार नाही. हे वहिनींचं."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. स्त्रीधन, म्हणजे लग्नात नि नंतर माहेर-सासरकडून बाईला मिळालेलं, बाईच्या पूर्ण मालकीचं असतं, ते नवऱ्याच्या मृत्युपत्रात जाऊ शकत नाही. द्यायचं तर तिनंच, तिच्या मृत्युपत्रानं. आईनं आयुष्यात पहिल्यांदा "माझं" म्हणून यादी केली. जावमणी आणि पानड्यांचा साज, ठुशी, पाटल्या, तिच्या नावाची पोस्टातली ठेव. प्रत्येक दागिना वजनासकट लिहिला, म्हणजे नंतर कुठला साज नि कुठली ठुशी हा वाद नको.

साज मला मिळेल असं मी धरून होते. आई म्हणाली, "साज माझ्या सासूनं माझ्या गळ्यात घातला, तो सुनेकडं जाणार. ठुशी माझ्या आईची, ती तुझी." आणि हे कारणही लिहायला लावलं. कारण लिहायची कायद्यानं गरज नाही. पण ती एक ओळ वाचून माझ्या मनात काही उरलं नाही. कोण काय घेणार याच्याइतकंच ते का, हे घरच्यांना कळायला हवं.

पुढचं सोपं होतं. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. मृत्युपत्र करणाऱ्याची सही दोन साक्षीदारांनी होताना बघितली पाहिजे, नाहीतर ती आपली असल्याचं त्यानं स्वतः त्यांना सांगितलं पाहिजे, आणि त्यांनीही त्याच्यासमोर सही केली पाहिजे. आम्ही सगळ्यांना एकत्रच बसवलं. साक्षीदार आई-आबांपेक्षा वयानं लहान आणि ज्यांना काही मिळणार नाही असे घेतले. दोघांची बुद्धी शाबूत असल्याचा आमच्या डॉक्टरांचा दाखला जोडला. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडं ती केली, कारण उद्या कुणी सहीवरच शंका घेतली तर अंगठा, फोटो सरकारी दप्तरात असतो. चालता न येणाऱ्या माणसासाठी अधिकारी घरीही येऊ शकतात. मृत्युपत्र खरं ठरवून घ्यायला कोर्टाचं प्रोबेट कोल्हापुरातल्या मिळकतीला सक्तीचं नाही.

नॉमिनीबद्दल मात्र सांगायलाच हवं. पतसंस्थेत सगळीकडं दादा नॉमिनी होता, म्हणून ते पैसे त्याचेच असं सगळे समजून होते. ठेवीचा नॉमिनी रक्कम ताब्यात घेतो, मालक होतो असं नाही. कंपन्यांच्या शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये तेच सांगितलं. नॉमिनी म्हणून नाव एकाचं आणि मृत्युपत्रात दुसऱ्याचं, असं असलं की भांडणाला तोंड फुटतं. आम्ही नॉमिनी मृत्युपत्राशी जुळवून घेतले. बँकांत नोव्हेंबर 2025 पासून चौघांपर्यंत नावं देता येतात, हिश्शासकट.

आता मी आणि माझे मिस्टर आमच्या याद्या करतोय, दोघांच्या वेगवेगळ्या. आमची मुलगी अजून अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, आहे, त्यामुळं आमच्या पश्चात तिचा पालक कोण हेही त्यात लिहायचंय. माझ्या नणंदेचं नाव ठरलंय. या रविवारी तिला घरी बोलावून विचारणार आहोत.